उघाडी

कोपरी, ठाणे पूर्व
४ ऑगस्ट १९९५

आनंदास आशीर्वाद आणि एक चापट. चापट अशासाठी की जूनपासून तुझी दोनच पत्रं आली, आणि दुसऱ्यात चार ओळी नि एका खारीचा फोटो. खार कोपरीतही दिसते.

आई बरी आहे. मोतीबिंदू काढल्यापासून तिला सगळ्यांच्या साड्यांवरचे डाग दिसायला लागलेत, त्यामुळे गल्लीतल्या बायका तिच्याशी जरा लांबूनच बोलतात. मला मागच्या आठवड्यात ताप येऊन गेला. तीन दिवस अंग फणफणत होतं, मग नेहमीसारखा ओठांवर ताप मुतला. खालचा ओठ फोडांनी भरला तेव्हा आईने हुश्श केलं, आता ताप बाहेर पडला म्हणून. वर्षातून दोनदा तरी माझं असं होतंच. शाळेत असताना तू मला त्यावरून किती चिडवायचास.

पण या वेळी सोबत डावा डोळाही लाल झालाय. सध्या इकडे सगळ्यांचेच डोळे आलेत. आमच्या लाईनवर सहा जणी काळे चष्मे लावून बसतात आणि सुपरवायझर विचारतो, शूटिंग आहे का. माझ्या डोळ्यातून पाणी येतं, उजेड सोसत नाही, पण दुखत मात्र अजिबात नाही. आई म्हणाली, "डोला दुखत नाय ना? मंग बरा हाय. माजं थेंब हायेत ते घाल." तिच्या ऑपरेशननंतर दिलेली बाटली अर्धी उरली होती. दोन दिवस घातले तर लाली निम्मी झाली. तर हे थेंब पुढे चालू ठेवू का, ते कळव. तू म्हणशील, ताई, मी तसला डॉक्टर नाही. आम्हाला असला आणि तसला कळत नाही. दारावर पाटी लावली तर डॉ. आनंदा भोईर अशीच लागेल ना?

काळजी कामाची वाटते. वागळे इस्टेटमध्ये आमचं काम म्हणजे केसाएवढी तार भिंगाखाली धरून तिला टाका द्यायचा. ऑक्टोबरात कंपनी सगळ्यांचे डोळे तपासणार आहे. नापास होईल तिला पॅकिंगला टाकतात. सासरहून परत आले त्याला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं मी या दोन डोळ्यांच्या जोरावर इथे मान वर करून राहिले. ते तुला सांगायला नको.

तुझा तो उंदीर काय म्हणतो?

तुझी ताई


क्लीव्हलंड
१७ ऑगस्ट १९९५

ताई, चापट पोचली. गालावर वळ आहे.

तो उंदीर नाही, चिनी हॅमस्टर. तोही सगळा माझ्याकडे नाही, त्याच्या पेशी आहेत, बशीत वाढवलेल्या. आणि गंमत ऐक. दर वर्षी तुझ्या ओठांवर जे उठतं ते हर्पीस नावाच्या विषाणूमुळे. गेली तीन वर्षं मी त्याच्याच मागे आहे. चिडवल्याचं प्रायश्चित्त समज.

विषाणूला पेशीच्या आत शिरल्याशिवाय काहीच करता येत नाही. पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात, त्यांना तो आधी चिकटतो. माणसाची पेशी असेल तर चिकटतो आणि आत जातो. हॅमस्टरच्या पेशीला नुसता चिकटून बाहेरच राहतो. म्हणजे चिकटणं वेगळं आणि शिरणं वेगळं. माणसाच्या पेशीवर आणखी काहीतरी आहे, आम्ही त्याला रिसेप्टर म्हणतो, ते याला आत घेतं, आणि हॅमस्टरच्या पेशीवर नेमकं तेच नाही. ते काय आहे हे अजून कुणीच खात्रीने सांगू शकलेलं नाही. म्हणून मी माणसाचे जीन थोडे थोडे करून हॅमस्टरच्या पेशींत घालतो आणि वर विषाणू सोडतो. त्या विषाणूत अशी सोय केलेली आहे की तो ज्या पेशीत शिरेल ती पेशी निळी पडावी. रोज सकाळी येऊन मी निळी पेशी शोधतो. लाखो पाहिल्या, एकही निळी नाही. आणखी तीन-चार प्रयोगशाळा याच्याच मागे आहेत, त्यामुळे झोप कमी झालीय. पत्रं कमी येण्याचं कारण तेच.

डोळ्याचं विशेष मनावर घेऊ नकोस. साथीचे डोळे आपोआप बरे होतात. आईचे थेंब घालून लाली कमी होत असेल आणि दुखत नसेल तर तेच चालू ठेव. पंधरा दिवसांत डोळा साफ होईल. ऑक्टोबरच्या तपासणीत तू पहिली येशील, मी लिहून देतो.

आईला सांग, माझ्या सदऱ्यावर डाग नाही.

आनंदा


कोपरी
५ सप्टेंबर १९९५

आनंदास आशीर्वाद.

गौरीगणपती आटोपले, आता हात रिकामे झाले. तुझं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिला झोप लागली, पण तुझा विषाणू मला कळला. मिठागराचं आहे हे. आठवतं का, भरतीचं पाणी बांधाला येऊन टेकायचं, बांधाला चाटत उभं राहायचं, पण बाबा बांधातल्या उघाडीची फळी वर उचलत नाहीत तोवर थेंब आत येत नसे. तुझ्या हॅमस्टरला बांध आहे आणि उघाडी नाही. आपल्याला उघाडी आहे. ती बांधात कुठे आहे हे तू शोधतोयस. बरोबर ना? बरोबर असेल तर मलाही पाटी लाव.

डोळ्याची लाली गेली. आरशात बघितलं तर काही झालं होतं असं वाटणारही नाही. तू लिहिलंस तसे थेंब चालू आहेत. एकच होतंय, डाव्या डोळ्याने बघितलं की भिंगावर कुणीतरी हाः करून वाफ सोडल्यासारखं दिसतं. परवा मी भिंग तीनदा पुसलं. मनुबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते, ती म्हणाली, भिंग स्वच्छ आहे. दुखायचं तर नाव नाही. काल पदराचं टोक डोळ्यात गेलेलं मला कळलंसुद्धा नाही, आईने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं. इतका तो आता शांत आहे.

मनुबाई मला रोज डोंबिवलीच्या कुठल्याशा डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगते. तिच्या नणंदेला त्यांच्याकडे गुण आला. तिला मी तुझं पत्र काढून दाखवलं. घरात अमेरिकेतला डॉक्टर असताना डोंबिवलीला कशाला जाऊ?

ताई


क्लीव्हलंड
९ सप्टेंबर १९९५

ताई, थेंब बंद कर. हे पत्र हातात असेल तर ते खाली ठेव, बाटली फेकून दे आणि मग पुढचं वाच.

काल आमच्याकडे एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान होतं. मी जाणार नव्हतो. विषय हर्पीसचा म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसलो. त्यांनी एका डोळ्याचा फोटो दाखवला. बुबुळावर झाडाच्या फांदीसारखा व्रण होता. ओठांवरचा तोच विषाणू डोळ्याच्या पेशींत शिरला की असं होतं, म्हणाल्या. अशा डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब घातले तर लाली जाते, माणसाला वाटतं बरं वाटतंय, आणि शरीराने जो पहारा ठेवलेला असतो तो उठून जातो. मग विषाणूला रान मोकळं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात ते थेंब बहुधा त्यातलेच. आणि शेवटी त्या म्हणाल्या की असे रोगी सांगतात, डोळा दुखत नाही. विषाणूने नस बधिर केलेली असते, म्हणून दुखत नाही. ते ऐकलं की आपण घाबरायला हवं.

मी उठून बाहेर आलो. तुझं पत्र खणातच होतं. "दुखत मात्र अजिबात नाही." तू स्वच्छ लिहिलं होतंस, ताई. ताप लिहिला होतास, ओठ लिहिले होतेस, डोळा लिहिला होतास. एका पानावर तिन्ही गोष्टी होत्या. मी त्याच कागदाला उत्तर लिहिताना तुझ्या ओठांवरचा विषाणू कसा शिरतो ते दीड पान समजावलं, आणि खाली थेंब चालू ठेव म्हणून लिहिलं.

काल तुमच्याकडे रात्र होती, म्हणून आज इथे सकाळी नऊला, म्हणजे तुमच्या दिवेलागणीला, गल्लीतल्या बाबुरावांच्या दुकानात फोन लावला. सातव्यांदा लागला. आवाज तुटत होता, पण मी दोनदा सांगितलं की ताईला म्हणावं थेंब बंद कर आणि उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ते हो हो म्हणाले. तरी हे लिहितोय. डॉक्टरांना ओठांचं आधी सांग. ते दुसरं मलम देतील, ते वेळेवर लाव. मला उलट टपाली कळव, काहीही झालं असलं तरी.

आनंदा


कोपरी
४ ऑक्टोबर १९९५

आनंदास आशीर्वाद.

तुझं पत्र २२ तारखेला मिळालं. घाबरू नकोस. बाबुरावांनी तुझा निरोप त्याच संध्याकाळी दिला होता, आणि त्याच दिवसापासून मी थेंब बंद केले. तुझा फोन अगदी वेळेवर आला.

मनुबाईला घेऊन डोंबिवलीला जाऊन आले. डॉ. सुधीर गुप्ते म्हणून आहेत. शांत माणूस, पण बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत, डोळ्याकडे बघतात. त्यांनी मलम दिलंय, दिवसातून पाच वेळा लावायचं. मी घड्याळ लावून लावते. बरं वाटेल म्हणालेत. तू तुझी निळी पेशी शोध, इकडचं डोक्यात घेऊ नकोस. आई तुझी आठवण काढते.

ओळी वाकड्या झाल्या असतील तर हसू नकोस, पाट हलतोय.

ताई


डोंबिवली पूर्व
२१ ऑक्टोबर १९९५

श्री. आनंदा भोईर यांस,

आपला परिचय नाही. आपल्या भगिनी बायजाबाई २३ सप्टेंबरपासून माझ्याकडे उपचार घेत आहेत. आपण डॉक्टर आहात असे त्या अभिमानाने सांगतात. कशाचे, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "विषाणूंचे."

त्यांच्या डाव्या डोळ्याची स्थिती आपल्याला कळावी म्हणून लिहितो, कारण त्या ती कळवणार नाहीत अशी माझी खात्री झाली आहे. हर्पीसचा व्रण फांदीसारखा असतो तोपर्यंत मलमाने बहुधा भरून येतो. त्या आल्या तेव्हा फांदी उरली नव्हती. निम्म्या बुबुळावरची साल गेली होती. व्रण आता भरत आहे, पण मागे पांढरा डाग राहणार, आणि तो बरोबर मध्यभागी आहे. गेल्या आठवड्यात कंपनीच्या तपासणीत त्यांना त्या डोळ्याने तक्त्यावरचे सर्वांत मोठे अक्षरही वाचता आले नाही.

इतका उशीर का केला, असे मी त्यांना रागाने विचारले. माझा राग अनाठायी नव्हता, कारण त्यांच्या मैत्रिणीने त्यांना ऑगस्टमध्येच माझे नाव सांगितले होते. तेव्हा त्यांनी पिशवीतून आपले पत्र काढून माझ्यापुढे ठेवले. ते मी मागून घेतले. कोणाही रुग्णाने आणखी कुठल्या दुकानात ते दाखवू नये, एवढाच हेतू. सोबत ते आपल्याला परत पाठवतो.

आपण थेंब बंद करण्याविषयी नंतर लिहिलेत, हेही त्यांनी मला आवर्जून सांगितले. ते पत्र २२ला आले आणि त्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. त्या दिवसापर्यंत थेंब चालू होते.

आपला,
सुधीर गुप्ते


क्लीव्हलंड
४ नोव्हेंबर १९९५

ताई,

डॉ. गुप्त्यांनी माझं पत्र मला परत पाठवलंय. ते माझ्यासमोर टेबलावर आहे. "तेच चालू ठेव" या ओळीखाली कुणीतरी पेनने रेघ मारलीय, आणि बाजूला औषधाच्या दुकानाचा शिक्का आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मारतात तसा. एक शिक्का ३० ऑगस्टचा आणि दुसरा १४ सप्टेंबरचा. दोन बाटल्या. माझं पत्र चिठ्ठी म्हणून चाललं, दोनदा.

मी फोन केला तो ९ला. तू लिहिलंस, त्याच दिवशी थेंब बंद केले. मग १४ तारखेला कुणासाठी बाटली घेतलीस? बाबुराव तुला काय म्हणाले? मला खरं सांग. नको, सांगूही नकोस. खरं काय ते शिक्क्यावर आहे.

तू माझ्यासाठी काय काय केलंस ते मी मोजत बसणार नाही, मोजलं तर मला वेड लागेल. माझ्या दहावीनंतर तू भिंगाखाली बसलीस म्हणून मी मायक्रोस्कोपखाली बसलो. त्या डोळ्यात मी काय घातलं ते मला माहीत आहे. मी आता तुला कुठलाच सल्ला देणार नाही. माझ्या हाताने लिहिलेल्या कुठल्याही ओळीवर तू विश्वास ठेवू नयेस असं मला वाटतं.

आईला नमस्कार.

आनंदा


कोपरी
१२ जानेवारी १९९७

आनंदा,

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तीन पत्रांना तू तीन कार्डं पाठवलीस, छापील, फुलांची. खाली सही. आई ती कार्डं देव्हाऱ्यामागे लावते, मी काढून टाकते. आज सरळ लिहिते.

तू विचारलेलं त्या तीन पत्रांत मी टाळलं, आता सांगते. त्या संध्याकाळी बाबुराव उंबऱ्याशी आले तेव्हा आई दिवा लावत होती. दिवेलागणीला दारात वाईट बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात आहे. तुझ्या फोनमधलं जेवढं गोड होतं तेवढं त्यांनी सांगितलं. "आनंदाचा फोन होता. ताईच्या डोल्याची लय काळजी करतंय." बाकीचं सकाळी सांगू म्हणाले असतील मनाशी. सकाळी ते मुलीकडे टिटवाळ्याला गेले, परत आले तोवर विसरले होते. मी तर त्या फोनने हरखून गेले. भाऊ तिकडून फोन करतो माझ्या डोळ्यासाठी. त्या आठवड्यात तर एकही वेळ न चुकवता थेंब घातले.

नंतर तुझं पत्र आल्यावर मी खोटं लिहिलं, कारण निदान तुझा फोन तरी कामी आला असं तुला वाटावं. बाबुरावांना अजून माहीत नाही. त्यांना कळवून काय करू, म्हातारे झालेत.

मला राग आला होता, आनंदा. नापास झाले त्या दिवशी पॅकिंगच्या टेबलावर खोके चिकटवताना तुला मनातल्या मनात खूप बोलले. चुकलास त्याचा राग दोन-तीन महिने होता, मग गेला. गप्प बसलास त्याचा अजून आहे.

आता बातमी. नोव्हेंबरात माझ्या डाव्या डोळ्यावर दुसऱ्या कुणाचा तरी, नेत्रदानात मिळालेला बुबुळावरचा पडदा बसवला. कोण होतं ते सांगत नाहीत. बाई असावी असं मला उगीच वाटतं. डॉ. गुप्ते म्हणतात, पडदा नवा आहे, पण विषाणू नसेच्या मुळाशी तसाच झोपलेला आहे, तो पुन्हा उठू शकतो. पडदा टिकावा म्हणून डोळ्यात कुठले थेंब घालायला लावलेत माहीत आहे? तेच. आईच्या बाटलीतले. या वेळी जोडीला विषाणूच्या गोळ्या आहेत, आणि आठवड्याला तपासणी. पहिल्या दिवशी बाटली उघडली आणि थेंब डोळ्यात न पडता गालावर पडला. आईने धरून घातला. ती रडत होती, मीही.

उघाडी सापडली का तुझी? आणि सापडली असेल तर ती लावून टाकता येते का? तेवढं सांग. माझ्यासाठी विचारते.

ताई


क्लीव्हलंड
२ फेब्रुवारी १९९७

ताई,

सापडली. मला नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने गेल्या नोव्हेंबरात छापलं, बहुतेक तुझ्या ऑपरेशनच्याच सुमाराला. त्यांनीही तेच केलं होतं, हॅमस्टरच्या पेशींत माणसाचे जीन. त्यांच्या बशीत निळी पेशी निघाली. तो लेख वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मी कोट चढवला आणि दोन तास नुसता चालत राहिलो, आणि डोक्यात एवढंच होतं की हे ताईला सांगायचं, आणि ताईला पत्र लिहिण्याचं तोंड मला राहिलेलं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो, आणि जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच सांगतो. सापडलेली उघाडी रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर आहे. डोळ्याच्या आणि नसांच्या पेशींना दुसरी असावी, तिचा शोध चालू आहे. मीही त्यात आहे. या उघाड्या विषाणूसाठी केलेल्या नाहीत. पेशीला दुसऱ्या पेशींचे निरोप घ्यावे लागतात, कुठे जखम झाली, कुठे मदत हवी, कुठे थांबायचं. हा रिसेप्टर त्या निरोपांसाठी असावा असं दिसतं. विषाणू त्यातूनच येतो, कारण त्याची एक बाजू आपल्या माणसासारखी दिसते. पेशी त्याला ओळखीचा समजून आत घेते.

लावून टाकता येते का? आज तरी नाही. आणि कधी जमलंच तरी मला भीती वाटते. ती लावली तर विषाणू बाहेर राहील, पण निरोपही बाहेर राहतील. पेशी एकटी पडेल. यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

गोळ्या चुकवू नकोस, हे मी लिहिणार होतो, मग खोडलं. डॉ. गुप्ते सांगतील तसं कर. मी काय सांगावं? तुझ्या डोळ्याचं मी जे केलं त्याबद्दल मला क्षमा कर, असं लिहायला पंधरा महिने लागले. त्यापुढे काय लिहायचं असतं ते मला येत नाही.

आनंदा


कोपरी
१९ फेब्रुवारी १९९७

आनंदास आशीर्वाद.

एक आठवतं का बघ. तू पाच-सहा वर्षांचा असशील. अवेळी मोठी भरती आली, उघाडीची फळी नीट बसली नव्हती, आणि मिठागराच्या कोंड्यांत पिकलेलं मीठ एका रात्रीत पाणी झालं. सगळा हंगाम गेला. आई कपाळाला हात लावून बांधावर बसली होती. रघुकाका तावातावाने म्हणाला, ही उघाडी चिखल घालून कायमची बुजवून टाक. बाबा फळी पुसत होते. म्हणाले, "बुजवतंय मी. मंग मीठ कशाचा पिकवू?"

त्यांनी फळी बदलली, जाड केली. पुढच्या भरतीला पुन्हा वर उचलली. मी तिथे उभी होते, म्हणून मला माहीत आहे.

तू लिहिलंस, लावली तर पेशी एकटी पडेल आणि तुझ्याजवळ उत्तर नाही. मला तर उत्तर सोपं वाटलं. सव्वा वर्ष तू पत्रं बंद केलीस. मला त्रास होऊ नये म्हणूनच केलीस, ते कळतं मला. पण त्या सव्वा वर्षात डोळ्यापेक्षा त्याचाच त्रास मला जास्त झाला. पोस्टमन आला की मी अजून उठते. उठणारच. तुझं पत्र आलं तर फोडणार, आणि लिहिलेलं खरं मानणार. माझ्याकडून ते बंद होणार नाही, तेव्हा तू आपली फळी जाड कर. माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणून लिही, या पत्रात लिहिलंस तसं. मला तेवढं पुरतं. आणि ते गोळ्यांचं खोडलेलं मी उजेडाला धरून वाचलं. चुकवत नाही.

क्षमेचं म्हणशील तर ती केली. आता पुन्हा मागू नकोस.

भिंगाखालचं काम परत मिळणार नाही, ते मी मनाला सांगून टाकलंय. वाईट वाटतं, रोज वाटतं. मनुबाईच्या शेजारची खुर्ची आता दुसऱ्या मुलीला दिलीय, हात चांगला आहे तिचा. पण डॉ. गुप्त्यांनी परवा तक्ता दाखवला, तर डाव्या डोळ्याने वरच्या दोन ओळी आल्या. ते पहिल्यांदा डोळ्याकडे सोडून माझ्याकडे बघून हसले. घरी सराव करा म्हणाले, उजवा झाकून वाचायचं.

सरावाला मी तुझं हे पत्र घेतलं. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून वाचते. तीन दिवसांत पहिलं पान झालं. दुसऱ्यावर तू घाईत गिचमिड केलीयस, ते शेवटी उजव्यानेच वाचावं लागलं, त्याला सराव म्हणत नाहीत.

पुढच्या वेळी अक्षर मोठं काढ.

ताई